ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला

आमच्याकडे ओट्स आले ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून. वडिलांचं कोलेस्टेरॉल वाढलं, साबुदाणा-वड्यांवर गदा आली आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर एक नवा डबा येऊन बसला. आईनं तो हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. "हा टोपीवाला बाबा कोण रे?" मी ठोकून दिलं, "असेल कंपनीचा मालक."

साफ चूक. क्वेकर हा इंग्लंडमध्ये निघालेला एक ख्रिस्ती पंथ. डब्यावरचं क्वेकर हे नाव १८७७ मध्ये अमेरिकेत व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं गेलं, तेव्हा ते नोंदवणारी माणसं क्वेकर नव्हतीच. त्यांना हवी होती ती त्या पंथाची पत. क्वेकर मंडळी मापात पाप करत नाहीत, हे अमेरिकेत सर्वांना ठाऊक होतं.

ही पत कमावायला त्यांना दोनशे वर्षं लागली. त्या काळात त्यांनी फटके खाल्ले, काहीजण फासावर गेले, एक अख्खा प्रांत चालवला आणि स्वतःच्याच तत्त्वांशी अनेकदा बेइमानीही केली. २०२६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतात. तो जाहीरनामा ज्या फिलाडेल्फियात मंजूर झाला, ते शहर याच टोपीवाल्यांनी वसवलेलं.

आधी नावाचं बघू

सतराव्या शतकाचा मध्य. इंग्लंडमध्ये यादवी माजलेली, १६४९ मध्ये तर राजाचंच डोकं उडवलेलं. अशा धामधुमीत जॉर्ज फॉक्स नावाचा एक विणकराचा पोरगा, जोडे शिवायचं काम शिकलेला, गावोगाव फिरून एकच गोष्ट सांगत होता: देवाचा प्रकाश प्रत्येक माणसाच्या आत आहे, आणि तो दिसायला मधे पाद्री लागत नाही. यालाच ते 'अंतःप्रकाश' म्हणत. १६५० मध्ये फॉक्सला डर्बीच्या न्यायाधीशापुढे उभं केलं, तेव्हा त्यानं उलट न्यायाधीशालाच बजावलं की देवाच्या वचनापुढे थरथर काप. न्यायाधीशानं कुचेष्टेनं म्हटलं, मग तुम्ही 'क्वेकर', म्हणजे थरथरे. ते स्वतःला 'फ्रेंड्स', म्हणजे मित्र म्हणवत. चिकटलं मात्र चेष्टेचंच नाव.

प्रकाश प्रत्येकात आहे, एवढं एक वाक्य धरून ठेवलं की पुढचं सगळं त्यातून निघत जातं. प्रत्येकात आहे, तर पुरोहित कशाला? बाईनं प्रवचन का करू नये? कुणापुढे वाकायचं कशाला? कुणाचा जीव कसा घ्यायचा? आणि कुणाला विकत कसं घ्यायचं? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं त्यांना भराभर सुचली. पाचव्याला जवळजवळ सव्वाशे वर्षं लागली.

तू, तुम्ही आणि टोपी

इंग्रजीत आदरार्थी नसतं, असं आपण शाळेत शिकतो. तेव्हा असायचं. 'यू' म्हणजे आपलं 'तुम्ही' आणि 'दाऊ' म्हणजे 'तू'. साहेबाला 'यू', नोकराला 'दाऊ'. क्वेकरांनी ठरवलं की सगळ्यांना 'दाऊ'च म्हणायचं.

यात एवढं बिघडलं काय, हे इंग्रजीत वाचणाऱ्याला आज कळत नाही. मराठी माणसाला मात्र चटकन कळेल. कलेक्टर कचेरीत गेलात आणि साहेबांना म्हणालात, "तू जरा ही फाइल बघ." पुढं काय होईल ते सांगायला नको. आपण 'तू' कुणाला म्हणतो? आईला, विठोबाला, लहान मुलाला, आणि खरं बोलायचं तर ज्याचं आपण काही लागत नाही असं वाटतं त्यालाही. क्वेकरांनी हे सगळे 'तू' एका पंगतीला बसवले आणि न्यायाधीशालाही त्यातच ओढलं. अनेकांनी यासाठी थोबाडीत खाल्ली. गंमत अशी की पुढे इंग्रजीच बदलली आणि सगळेच 'यू' झाले. मग क्वेकरांचा 'तू' हा नुसता जुनाट हेल उरला.

दुसरं भांडण टोपीचं. वरिष्ठासमोर टोपी काढणं हा शिष्टाचार होता. क्वेकर पुरुष टोपी उतरवत ती फक्त देवापुढे, सभेत कुणी प्रार्थना म्हणायला लागलं की. १६७० मध्ये लंडनच्या कोर्टात विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोघांवर खटला उभा राहिला. रस्त्यात प्रवचन केलं, हा गुन्हा. ते कोर्टात आले तेव्हा शिपायांनी त्यांच्या टोप्या आधीच काढून घेतल्या होत्या. कोर्टानं त्या पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवायला लावल्या, आणि मग टोपी घालून उभे राहिलात म्हणून दंड ठोकला! ज्यूरीनं दोघांना दोषी ठरवायला नकार दिला, म्हणून ज्यूरीलाच अन्नपाण्यावाचून कोंडलं. त्यातल्या एडवर्ड बुशेल यानं वरच्या कोर्टात दाद मागितली आणि निकालाबद्दल ज्यूरीला शिक्षा करता येत नाही, हे कायमचं ठरून गेलं. हा विल्यम पेन लक्षात ठेवा.

अशा आणखी बऱ्याच खोडी होत्या. वारांची आणि महिन्यांची इंग्रजी नावं जुन्या देवतांवरून आलेली, म्हणून ते 'पहिला दिवस', 'तिसरा महिना' असं लिहीत. त्यांची जुनी कागदपत्रं वाचताना जपून: १७५२ पर्यंत त्यांचा पहिला महिना मार्च असे. दुकानात घासाघीस नाही, मुलासाठीही एकच भाव आणि सरदारासाठीही तोच. शपथ घेणं तर बिलकूल नाही, कारण शपथेवर खरं बोलतो असं म्हटलं की एरवी खोटं बोलतो हे आपसूक कबूल होतं. यापायी त्यांचे दावे बुडाले, इस्टेटी गेल्या. अखेर १६९६ मध्ये इंग्लंडमध्ये कायदा झाला आणि त्यांना शपथेऐवजी नुसतं गांभीर्यानं सांगण्याची मुभा मिळाली. आपल्याकडे आमदार-मंत्री पदावर बसताना कुणी ईश्वराला साक्ष ठेवतं, कुणी 'गांभीर्यपूर्वक' म्हणतं. त्या दुसऱ्या पर्यायाचा माग काढत मागे गेलात तर वाटेत हे टोपीवाले भेटतात.

गप्प बसून कसली प्रार्थना?

क्वेकर 'चर्च' हा शब्द टाळत. त्यांची प्रार्थनाही मीटिंग आणि कारभारही मीटिंग. पेनसिल्व्हेनियातलं किंवा न्यू जर्सीतलं जुनं सभाघर म्हणजे दगडाची किंवा विटांची साधी इमारत. ना क्रूस, ना वेदी, ना रंगीत काचा. लाकडी बाकं, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. समोर किंचित उंचावर वडीलधाऱ्यांची बाकं, सगळ्यांकडे तोंड करून. मधे सरकत्या फळ्यांची भिंत. प्रार्थना असली की फळ्या उघड्या, कारभाराची वेळ झाली की बंद. मग बायकांची सभा वेगळी, पुरुषांची वेगळी. बायकांच्या सभेला त्यांची स्वतःची लेखनिक आणि स्वतःचं वहीखातं.

आणि मग सगळे गप्प. तास, दोन तास. कुणाला आतून वाटलं तर उठून चार वाक्यं बोलायची आणि खाली बसायचं. कधीकधी अख्खी सभा एक शब्दही न बोलता उठायची, आणि तरी ती चांगली झाली असं म्हणायचे. बाहेरच्याला हा वेळेचा अपव्यय वाटे. त्यांचा हिशेब निराळा होता: आतला आवाज ऐकायचा तर आधी आपलं तोंड बंद पाहिजे.

लग्नंही याच शांततेत लागत. वधू-वरांनी आधी सभेत इरादा सांगायचा. मग सभा दोनचार जणांना चौकशीला धाडे: आधी कुणाला शब्द दिलाय का, आईवडिलांची संमती आहे का. सगळं ठीक असलं की ठरल्या दिवशी दोघं उठून उभी राहत, हात हातात घेत आणि एकमेकांना वचन देत. दोघांचं वाक्य जवळपास सारखंच. भटजी नाही की पाद्री नाही. मग एक मोठा कागद वाचला जाई आणि हजर असलेले सगळे, पोरंटोरंसुद्धा, त्यावर सह्या करत.

पंथाबाहेर लग्न केलं, तर मात्र सभासदांच्या यादीतून नाव कमी होई. हे आपल्याकडच्या वाळीत टाकण्यासारखं ऐकू येतं, पण तितकं कडक नव्हतं. प्रार्थनेला यायला बंदी नसे, कारभारात मत मांडता येत नसे. तरी अठराव्या शतकात या एका नियमापायी त्यांनी आपली कितीतरी तरणीताठी माणसं गमावली, आणि माझ्या मते हा त्यांचा शुद्ध हट्टीपणा होता.

कारभाराची एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो, पुढे लागेल. या सभांमध्ये मतदान नसे. सगळ्यांचा कल एका दिशेला झाला असं लेखनिकाला जाणवलं की तो ठराव लिहून घेई. कुणी अडून बसलं, तर विषय पुढच्या सभेत. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीचा विषय तीन वर्षं लोंबकळताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना याचे धोके वेगळे सांगायला नकोत.

म्हणजे हे प्युरिटनच ना?

नाही. किंबहुना त्यांना सर्वांत जास्त छळलं ते प्युरिटनांनीच. मॅसॅच्युसेट्समध्ये वसलेले प्युरिटन हेही इंग्लंडच्या राजचर्चला कंटाळून आलेले, पण त्यांना स्वातंत्र्य हवं होतं ते त्यांच्या स्वतःच्या पद्धतीनं धर्म पाळण्याचं. दुसऱ्यानं वेगळा पाळावा, हे त्यात बसत नव्हतं.

१६५६ मध्ये मेरी फिशर आणि ॲन ऑस्टिन या दोन क्वेकर बायका बार्बाडोसहून बोस्टनला उतरल्या. त्यांची पुस्तकं जाळली, चेटकिणीच्या खुणा शोधायला अंगावरचे कपडे उतरवले, पाच आठवडे कोठडीत डांबलं आणि कुणाशी बोलू नयेत म्हणून खिडक्यांवर फळ्या ठोकल्या. मग हद्दपारी. पुढचे कायदे आणखी भयंकर: कान कापणं, जिभेला तापल्या सळईनं भोक पाडणं आणि १६५८ पासून हद्दपारीनंतर परतलेल्याला फाशी.

मेरी डायर ही अशीच हद्दपार केलेली क्वेकर बाई परतली. २७ ऑक्टोबर १६५९ रोजी तिला दोन सोबत्यांबरोबर फासाकडे नेलं. ते दोघं तिच्या डोळ्यांदेखत लटकले. तिचे हातपाय बांधले, तोंडावर रुमाल टाकला, तोही तिच्या जुन्या चर्चच्या पाद्र्याचा, आणि त्या क्षणी माफीचा हुकूम वाचून दाखवला. सगळं आधीच ठरलेलं नाटक. तिला घाबरवायचं होतं. पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा बोस्टनमध्ये हजर. १ जून १६६० रोजी तिला फाशी दिलं. १६६१ मध्ये आणखी एकाला दिलं, आणि मग राजा दुसऱ्या चार्ल्सचा हुकूम आला की हे थांबवा. तो हुकूम घेऊन बोस्टनच्या गव्हर्नरसमोर कोण उभा राहिला? सॅम्युअल शॅटक, हद्दपार केलेला क्वेकर. आज मेरी डायरचा पुतळा मॅसॅच्युसेट्सच्या विधान भवनासमोर बसलेला आहे.

राजाचं कर्ज आणि पेनचं जंगल

आता तो टोपीवाला विल्यम पेन. त्याचा बाप ॲडमिरल, राजाला पैसे उसने दिलेला. १६,००० पौंडांचं हे देणं चुकवायला राजानं १६८१ मध्ये पोराला अमेरिकेत जमीन देऊन टाकली. आजचं पेनसिल्व्हेनिया महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरा मोठंच भरतं. पेनला नाव हवं होतं 'सिल्व्हेनिया', वनभूमी. राजानं ॲडमिरलच्या सन्मानार्थ पुढे 'पेन' जोडलं. लोक म्हणतील, स्वतःचंच नाव दिलं! या लाजेनं पेननं नाव बदलून घेण्यासाठी कारकुनाला २० गिनी देऊ केल्या. कारकून बधला नाही.

१६८२ मध्ये पेन 'वेलकम' जहाजातून आला. शंभरेक प्रवासी, त्यातले तीसेक वाटेतच देवीनं गेले. आधी आलेल्यांपैकी काहींनी नदीच्या काठात गुहा खणून पहिला हिवाळा काढला. शहराचा नकाशा मात्र कागदावर तयार होता: रुंद सरळ रस्ते, त्यांना झाडांची नावं, घरांभोवती बाग. लंडनची १६६५ ची प्लेग आणि १६६६ ची आग ज्या पिढीनं पाहिली, तिच्यातल्या माणसाचा तो नकाशा. आणि कायदा असा की एक देव मानणाऱ्या कुणालाही त्याच्या श्रद्धेपायी त्रास द्यायचा नाही. सत्तेच्या जागा मात्र ख्रिस्ती माणसांनाच. आजच्या मापानं तोकडं, पण बोस्टनच्या शेजारी ठेवून पाहा.

जमीन कुणाची होती?

तिथल्या मूळ रहिवासी लेनापी लोकांची. पेननं राजाच्या सनदेवर न थांबता त्यांच्याकडून जमीन विकत घेतली आणि मोबदला दिला. त्याच्या हयातीत क्वेकर वस्त्यांना तटबंदी लागली नाही. त्याच्या मुलांनी ही कमाई उधळली. १७३७ मध्ये त्यांनी एक जुना कागद पुढे केला: माणूस दीड दिवसात चालेल तितकी जमीन. लेनापींना वाटलं नेहमीचं चालणं, बसत-उठत. मुलांनी आधीच रानातून वाट तोडून ठेवली आणि तीन दमदार गडी आणले. दोघांनी वाटेत हाय खाल्ली, तिसरा एडवर्ड मार्शल सुमारे ६५ मैल गेला. ही लबाडी पार पाडणाऱ्यांत पेन घराण्याचा कारभारी जेम्स लोगन होता. तो क्वेकर होता.

शस्त्र न धरता राज्य कसं चालवायचं?

ओढाताण करत. बेंजामिन फ्रँकलिन, जो स्वतः क्वेकर नव्हता, त्यानं आत्मचरित्रात एक मासला दिलाय. लढाईसाठी बारुदाला पैसे मागितले गेले. क्वेकरांनी भरलेल्या विधानसभेला बारुदाला पैसे देता येईनात आणि राजाला नाहीही म्हणता येईना. मग त्यांनी पैसे मंजूर केले ते 'पाव, पीठ, गहू किंवा इतर दाणा' यांसाठी. गव्हर्नर म्हणाला, मला कळलं काय ते, आणि बारूद खरेदी केली. बारुदीचाही दाणाच असतो!

१७५५ नंतर अशा पळवाटा संपल्या. फ्रेंचांशी युद्ध पेटलं आणि सीमेवरच्या वस्त्यांवर हल्ले करणाऱ्यांत जमिनीला मुकलेले तेच लेनापी होते. १७५६ मध्ये गव्हर्नरनं त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारलं, त्यांच्या डोक्याच्या कातडीला इनाम लावलं. जूनमध्ये सहा क्वेकर सभासदांनी राजीनामे दिले आणि क्वेकरांचं राज्य आवरतं झालं. पळ काढला, असं कुणी म्हणेल. मला तो त्यांच्या राजकारणातला त्यातल्या त्यात सरळ क्षण वाटतो.

सगळे समान, मग गुलाम कसे?

हाच तो पाचवा प्रश्न. १६८४ मध्ये 'इसाबेला' नावाचं जहाज दीडशे आफ्रिकी माणसं घेऊन फिलाडेल्फियाला लागलं. वसाहतीतल्या क्वेकरांनी ती हातोहात विकत घेतली. जंगल तोडायला हात हवे होते. खुद्द पेनच्या वाड्यावर गुलाम होते.

चार वर्षांनी, १६८८ मध्ये, जवळच्या जर्मनटाउनमधल्या चौघांनी एक अर्ज लिहिला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण मुद्दे धारदार. आपल्याशी कुणी वागू नये तसं आपण दुसऱ्याशी का वागतो? आणि उद्या हे गुलाम स्वातंत्र्यासाठी लढायला उठले तर, तलवार न धरणारे तुम्ही, त्यांच्यावर तलवार धरणार का? मासिक सभा म्हणाली, विषय फार जड आहे, वर पाठवतो. त्रैमासिक सभेनंही वर पाठवला. वार्षिक सभेनं बासनात बांधला. आपल्याकडच्या फाइली निदान टेबलावर तरी पडून असतात. हा कागद १८४४ मध्ये सापडला, पुन्हा हरवला आणि २००५ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका सभाघराच्या तिजोरीत परत सापडला.

एकमताशिवाय ठराव नाही, या पद्धतीचा हा हिशेब. पुढारी बाकांवर बसलेले बरेच जण गुलामांचे मालक होते, त्यांचा कल वळेपर्यंत विषय लोंबकळत राहणार.

तो वळवायला बेंजामिन ले उठला. उंची जेमतेम चार फूट, पाठीला कुबड. पूर्वी खलाशी, मग बार्बाडोसमध्ये दुकानदार. तिथं गुलामांचे हाल रोज पाहिलेले. १७३८ च्या वार्षिक सभेला तो मोठा कोट घालून आला. बोलायला उठला, कोट टाकून दिला. आत सैनिकाचा पोशाख, कमरेला तलवार, हातात एक जाडजूड ग्रंथ. तो ग्रंथ आतून कोरलेला होता आणि आत एका रानफळाच्या लालभडक रसानं भरलेली पिशवी. "जे माणसांना गुलाम करतात त्यांचं रक्त देव असंच सांडेल," अशा अर्थाचं काही म्हणून त्यानं तलवार ग्रंथात खुपसली. लाल शिंतोडे समोरच्यांच्या अंगावर. त्याला उचलून बाहेर नेलं, पंथातून नाव आधीच कमी केलेलं होतं. तो ॲबिंग्टनजवळ गुहेवजा घरात राहायचा, स्वतः विणलेले कपडे घालायचा आणि गुलामांच्या कष्टाची साखर तोंडात घालत नसे.

जॉन वूलमन याच्या अगदी उलट, हळू आवाजाचा शिंपी. तरुणपणी मालकानं सांगितलं म्हणून त्यानं एका गुलाम बाईचं विक्रीखत लिहिलं आणि ते त्याला जन्मभर टोचत राहिलं. पुढे तो गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरी पाहुणा म्हणून जाई, आणि निघताना सेवा करणाऱ्या गुलामांच्या हातावर पैसे ठेवी. यजमानाला यापेक्षा अवघड दुसरं काय असणार? तो घरोघर असा पंचवीसेक वर्षं फिरला.

१७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं ठरवलं की गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्याला कारभारात स्थान नाही. १७७६ मध्ये आणखी पुढे: गुलाम ठेवेल तो सभासद नाही. त्याच वर्षी, त्याच शहरात, काही रस्ते पलीकडे, सर्व माणसं समान जन्मतात असं लिहिलेल्या जाहीरनाम्यावर सह्या होत होत्या. सह्या करणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या घरी तेव्हाही गुलाम होते.

१७५८ चा ठराव म्हाताऱ्या लेच्या कानावर घातला तेव्हा, आता मी सुखानं मरतो, असं तो म्हणाल्याचं सांगतात. काही महिन्यांतच तो गेला. क्वेकर तेव्हा कबरीवर दगड बसवत नसत, त्यामुळे ॲबिंग्टनच्या दफनभूमीत तो आणि त्याची बायको सारा नेमकी कुठं आहेत, ते आज कुणालाच सांगता येत नाही. २०१८ मध्ये तिथल्या सभेनं दोघांच्या नावाचा एक छोटा दगड बसवला, अंदाजानं.